ओताऱ्याच्या भट्टीतला वास

मुलांनो, जरा डोळे मिटा. चित्र डोळ्यांपुढे आणा असं तुम्हाला नेहमीच सांगतात. मी आज एक वास नाकापुढे आणायला सांगतो. पोत्याच्या तळाशी राहिलेला कांदा आठवा, वरून धड दिसणारा, पण हातात घेतला की बोट आत रुतणारा. त्यात एक फुटकं, आठवड्याचं अंडं मिसळा. हा वास चार भिंतींच्या आत कोंडा. आणि तिथे दहा वर्षांची एक मुलगी उभी करा, परकराचा सोगा नाकाला लावलेली. तिचं नाव चांगुणा.

पण तुम्ही इतक्यात नाक मुरडू नका. त्या दिवशी तिथे याहून घाण गोष्ट घडायची होती, आणि त्या गोष्टीला वास नव्हता.

मिरजगावाच्या अलीकडे, सडकेपासून कोसभर आत, एक गाव आहे. साल एकोणीसशे त्र्याहत्तर, महिना चैत्राचा. दुष्काळाचा उन्हाळा चालू होता. गावात पाणी असलेली एकच विहीर उरली होती, आणि तिचं पाणी इतकं खाली गेलं होतं की तेलाच्या इंजिनावरचा पंप होता म्हणून थोडंफार वर येत होतं. त्या पंपातलं बुश फुटलं. बुश म्हणजे पितळेची जाड बांगडी. तिच्यात पंपाचा दांडा फिरतो. बांगडी गेली की दांडा खडखडतो आणि पंप बसतो. नगरला चौकशी केली तर उत्तर आलं, महिनाभराने या.

चांगुणाचे वडील पुंजाराम हे ओतारी. घंटा, घुंगरं, समया ओतण्यात त्यांच्या तोडीचं आसपास कुणी नव्हतं. घरासमोर पत्र्याची एक खोली होती, तिच्या मधोमध जमिनीत कमरेइतका खड्डा, आतून चिकणमातीने लिंपलेला. हीच त्यांची भट्टी. एका बाजूने भात्याची नळी तिच्या तळाशी जायची. खड्ड्यात कोळसा पेटवायचा, कोळशात मूस ठेवायची, म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं, आणि मुशीत पितळ घालायचं. बुश ओतणं पुंजारामला मुळीच अवघड नव्हतं. पण कोळसाच नव्हता. रानातल्या बाभळी शेरडांना पाला म्हणून लोकांनी शेंड्यापासून बुडापर्यंत तोडून नेल्या होत्या. कोळसा पाडायला लाकूड उरलं नव्हतं.

अशा वेळी भिमाजी पुंजारामकडे आला.

भिमाजी गावाच्या बौद्धवाड्यातला. खडकीच्या एका वर्कशॉपात त्याने नऊ वर्षं नळ्यांना पितळेचा डाक लावायचं, म्हणजे वितळत्या पितळेने सांधे जोडायचं, आणि धातू वितळवायचं काम केलं होतं. वर्कशॉप बंद पडलं, तो गावी परतला आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. नऊ वर्षं आगीशी बारीक काम केलेल्या हातांना हातोडीचे फोड आले होते.

"मिस्त्री," तो दारातून म्हणाला, "कोळशावाचून पितळ पानी करून दावू का?"

"फुंकर मारून करतोस का?" पुंजाराम म्हणाला.

"गॅसवर. पुन्याला टाकी मिळती. रेशनच्या मिलो जवारीचा ट्रक येतो, त्याचा डायव्हर वळखीचा हाय. बर्नर मी हितंच बनवतो."

पुंजारामने दोन दिवस विचार केला आणि मग बोलला. बुश नीट उतरलं तर भिमाजीने खडी सोडावी आणि बारा महिने पुंजारामच्या बरोबर भट्टीवर उभं राहावं. नाही उतरलं तर आपली खडी आहेच. भिमाजीने मान हलवली. त्याला जे हवं होतं ते एवढंच होतं, भट्टीवर उभं राहणं. ते शब्द पुंजारामच्या तोंडून आले तेव्हा त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिले असतील.

पुढचे आठ दिवस चांगुणा शाळा सुटली की त्याच्यापाशी जाऊन बसायची. तिला भिमाजी आवडायचा, कारण तो कुठल्याही प्रश्नाला "तुला काय करायचंय" म्हणायचा नाही. बर्नर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हतं. इंची पाइपाचा हातभर तुकडा. त्याच्या मागच्या तोंडात, बरोबर मधोमध, घरातल्या रॉकेलच्या स्टोव्हचा निपल. निपलाशेजारी पाइपाला चार भोकं. पुढच्या टोकाला जरा रुंद तोंडाचा सॉकेट. निपल पक्का बसावा म्हणून भिमाजीने त्याला टाकणखार लावून पितळेचा डाक दिला. त्यासाठी पुंजारामच्या घरातला शेवटचा टोपलीभर कोळसा खर्ची पडला.

"ही भोकं कशाला?" चांगुणाने विचारलं.

"वाऱ्याला. गॅस निपलातनं जोरानं सुटला की ह्या भोकांतनं वारा आपल्यामागं वढून घेतो. दोघं पाइपात मिसळत्यात अन् तोंडाशी जळत्यात. भाता लागत न्हाई."

"मंजे गॅसच भाता वढतो."

"व्हय. तुझ्या बाला सांग, तुझा भाता आता माळ्यावर ठेव."

तो काम करताकरता शिकवायचा, आणि शिकवलेलं तिच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. आधी काडी, मग कॉक. उलटं करायचं नाही. कॉक, म्हणजे टाकीच्या माथ्यावरची चावी, उजवीकडे फिरवला की बंद. आणि गॅस धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली जातो. सखल जागा शोधून तिथे साचतो.

"गळला तर दिसतो का?"

"न्हाई. सायकलीचं पंक्चर दिसतं का? ट्यूब पान्यात धरली की बुडबुडं दिसत्यात. तसंच सांध्यावर साबणाचं पानी घालायचं. डोळ्याला जे दिसत न्हाई ते फेसाला दिसतं."

ट्रकमधून टाकी आली, तिला रबरी नळी जोडून एका संध्याकाळी अंगणात बर्नर पेटवून पाहिला. निळी जीभ निघाली, हातभर लांब, आणि असा घोष झाला की शेजारची कोंबडी उडून कौलांवर गेली. चांगुणाने टाळ्या वाजवल्या. पुंजाराम लोखंडाची सळई त्या जिभेत धरून ती लाल होईपर्यंत एकटक पाहत राहिला. त्या संध्याकाळी वारा होता, आणि काडी आधी पेटलेली होती, म्हणून गॅसला वास असतो हे घरातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि भिमाजीचं ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करून भट्टी पेटवायची ठरली. ओताऱ्यांच्या त्या घराण्याची एक रीत होती. नवी आग लावायची असेल तर त्या आगीच्या कामी येणारी प्रत्येक वस्तू उजाडताच भट्टीच्या खड्ड्यात ठेवायची, तिला हळदीकुंकू लावायचं, मग घरच्या बाईने पेटता दिवा खड्ड्यात उतरवायचा, आणि त्या दिव्यावरून आग घ्यायची. सांडशी, मूस, सळई, सगळं आत. मागे भाता बदलला तेव्हा भातासुद्धा आत उतरवला होता.

"भिमा, तू उद्या नऊनंतर ये," पुंजाराम दुसरीकडे बघत म्हणाला. "पूजा उरकू दे. तसं काय न्हाई, पर लोक असत्यात."

भिमाजीने बर्नर उचलला. "बर्नर मी भात्याच्या भोकात बसवून जातो. टाकी भाइर अंगनात हाय, तितंच ऱ्हाऊ द्या. तिला कुनी हात लावू नका. एवढं ध्यानात ठेवा."

"बरं बरं."

आपली हत्यारांची चामडी पिशवी त्याने खोलीतल्या खुंटीला अडकवली आणि तो गेला. सकाळी लागणारच होती.

पुंजाराम वाईट माणूस नव्हता. भिमाजीने सांगितलेलं त्याच्या ध्यानातही होतं. पण उजाडल्यावर त्याच्या मनात आलं, की टाकीसुद्धा आगीच्या कामीच येणार, मग तिला बाहेर ठेवून कसं चालेल? गावात कारभारी नावाचा एक पुढारी होता; त्याचा पुतण्या गहिनीनाथ पूजेच्या मदतीला लवकर आला होता. दोघांनी टाकीला दोर बांधला आणि ती हळूहळू खड्ड्यात उतरवली. दोराचा पीळ कॉकमध्ये अडकून कॉक थोडा फिरला, रबरी नळी ओढली जाऊन मुळाशी ढिली झाली. त्यांना दिसलं नाही. पुंजारामने टाकीला हळदीकुंकू लावलं, बाहेरून दार ओढून घेतलं आणि तो आंघोळीला गेला.

तासाभराने दार उघडलं, तेव्हा तो वास बाहेर आला.

राहीबाई, म्हणजे चांगुणाची आई, तोंडाला पदर लावून मागे सरली. गहिनीनाथ दारातच थुंकला. एवढ्यात कारभारी आला. विहिरीचं काम पंचायतीने त्याच्याकडे दिलं होतं, म्हणून तो पूजेला येणार होता. बंडीत सुपारीची कातरण, गालात तंबाखूचा बार, आणि चालताना पुढे पडणारी काठी.

"काय मेलंय का काय आत?" तो म्हणाला.

"घूस आसंल," पुंजाराम म्हणाला.

त्यांनी कोपरे बघितले, पाटीखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. काही मेलेलं नव्हतं. चांगुणा परकराचा सोगा नाकाला लावून मागे उभी होती. मोठी माणसं शोधत होती, म्हणून तीही शोधू लागली. आणि खुंटीवरची पिशवी तिच्या डोळ्यांपुढे होती.

"भिमाजीच्या पिशवीचा आसंल," ती म्हणाली.

तिने वास घेऊन पाहिला नव्हता. तिच्या मनात वाईटही काही नव्हतं. पिशवी चामड्याची होती, जुनी होती, आणि त्या खोलीत तेवढीच एक वस्तू परकी होती, एवढंच. आठ दिवस ती त्या पिशवीतून कानस आणि पाना काढून देत होती, आणि तिला कधी वास आला नव्हता. हेसुद्धा तिला त्या वेळी आठवलं नाही.

कारभारीने काठी टेकली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुम्हाला कसं सांगू? खूप वेळ शोधलेली वस्तू सापडल्यासारखं समाधान होतं ते.

"पोरगी खरं बोलली," तो म्हणाला. "चामडं. कुठल्या ढोराचं, कुनाला ठावं. मेलेली ढोरं वढायला आता ह्यांना कमीपना वाटतो. अन् पिशव्या मात्र करून गळ्यात घालायला गोड लागत्यात."

आता हे ऐका. त्याच कारभारीचा एक बैल चार दिवसांपूर्वी चाऱ्यावाचून मेला होता आणि ओढ्यात पडून होता. दीक्षा घेतल्यापासून बौद्धवाड्यातल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. कारभारीने दोनदा निरोप धाडला, दोनदा नकार आला. स्वतःचा बैल स्वतः ओढून पुरावा हे कारभारीच्या मनातही आलं नाही. बैल फुगला, फुटला, कुत्र्यांनी आतडी सडकेपर्यंत आणली. संध्याकाळी वारा फिरला की अख्खं गाव जेवताना तो वास घ्यायचं. त्या वासाने या माणसाचं नाक कधी वाकडं झालं नव्हतं. ते आत्ता झालं.

त्याने हाताने खूण केली, तशी गहिनीनाथने एका काठीच्या टोकाने पिशवी खुंटीवरून उचलली. हाताने नव्हे. काठी लांब धरून, तोंड फिरवून, तो रस्त्यापर्यंत गेला आणि त्याने ती धुळीत टाकली. कानस, करवत, पाना बाहेर सांडले. एक कुत्रं येऊन हुंगून निघून गेलं. त्यालाही त्यात काही सापडलं नाही.

"वाड्यात सांगून ये," कारभारीने पुतण्याला सांगितलं. "म्हनावं, पिशवी रस्त्यावर हाय, घेऊन जा. अन् हिकडं परत येऊ नगंस. बर्नर झालाय, पेटवायला ओतारी हाय."

चांगुणाने वडिलांकडे पाहिलं. पुंजाराम पूजेच्या सुपाऱ्या मोजत होता. पाचच सुपाऱ्या होत्या. त्या त्याने तीनदा मोजल्या.

"वास तर अजून येतोच की," राहीबाई म्हणाली.

"इटाळाचा वास लगेच जातो व्हय?" कारभारी म्हणाला. "शेणसडा टाका. गोमूत्र शिपडा. मग दिवा आना." आणि तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

राहीबाईने बादलीत शेण कालवलं, त्यात गोमूत्र घातलं आणि बादली चांगुणाच्या हातात दिली. ती स्वतः देवाजवळचा दिवा लावायला घरात गेली. चांगुणा खड्ड्याच्या काठावर बसली. खाली वास इतका होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने ओंजळीने सडा शिंपडायला सुरुवात केली. सांडशीवर, मुशीवर, आणि मग टाकीवर. शेणाचं हिरवट पाणी टाकीच्या माथ्यावरून घरंगळलं आणि जिथे रबरी नळी कॉकला जोडली होती तिथे थांबलं.

थांबलं आणि फुगलं. एक बुडबुडा आला, फुटला. दुसरा आला. मग पाचसहा एकदम.

चांगुणाने आणखी एक ओंजळ त्याच जागी टाकली. पुन्हा बुडबुडे. साबण नव्हता, शेण होतं, पण फेस तो फेस. सायकलीची ट्यूब, पंक्चर, डोळ्याला न दिसणारं, सगळं तिला एकदम आठवलं. आणि खड्डा हीच त्या खोलीतली सगळ्यात सखल जागा होती.

तिने श्वास रोखला, पालथी पडून हात खाली घातला आणि कॉक उजवीकडे फिरवला. शेणाने हात घसरत होता. फिरवला, फिरेनासा होईपर्यंत फिरवला. बुडबुडे थांबले.

ती उठून उभी राहिली तेव्हा राहीबाई ताटात पेटता दिवा घेऊन दारात आली होती. पूजेच्या दिव्याला फुंकर घालायची नसते, हे ओताऱ्याच्या घरातल्या पोरीला पाळण्यापासून ठाऊक असतं. चांगुणा दारापर्यंत धावली आणि तिने दिव्याला फुंकर घातली.

पुंजारामने तिच्या कानाखाली मारली. तिने गाल धरला नाही, कारण हात शेणाचे होते.

"बा, टाकी गळतीया," ती म्हणाली. "सड्याला बुडबुडं आलं. खड्डा गॅसनं भरलाय. दिवा आत न्यायचा न्हाई."

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. धातूत हवा अडकली की ओतलेला रस कसा स्फोटासारखा उडतो हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. विझलेल्या वातीतून अजून धूर निघत होता, आणि दिवा खड्ड्यापासून सहासात पावलांवर होता. त्याने बायकोला हाताला धरून बाहेर ओढलं. ओट्यावर कारभारीने नुकतीच बिडी तोंडात धरली होती.

"तात्या, काडी वढू नका," पुंजाराम म्हणाला.

भिमाजी त्या वेळी रस्त्यावर होता. निरोप मिळाला म्हणून आला होता आणि खाली बसून धुळीतली हत्यारं एकएक पुसून पिशवीत भरत होता. "भिमा, गॅस गळलाय," असं पुंजाराम ओरडला, तसा तो पिशवी तिथेच टाकून धावला. धावत आला आणि दारात थबकला. परत येऊ नकोस हा सकाळचा निरोप कानात होता; उंबऱ्याशी पाय आपोआप थांबले.

"कॉक कुनी बंद केला?"

"चांगुनीनं."

"कुन्या बाजूला गं?"

"उजवीकडं. फिरंना तवर."

"बास. आता मी सांगतो तसं करा."

खोलीचं मागचं दार उघडायला लावलं. घरातली चूल विझवायला लावली. मग सुपं आणायला लावली. गॅस पाण्यासारखा साचतो तर पाण्यासारखाच उपसायचा; पुंजाराम आणि गहिनीनाथ सुपांनी खड्ड्यातली हवा ढवळून दारांकडे लोटत राहिले. मग टाकी वर काढून लांब अंगणात ठेवली. दोन तास हे चाललं. दोन तास भिमाजी उन्हात, दाराबाहेर उभा राहून सांगत होता, आणि आतली माणसं तो सांगेल तसं करत होती. कुणी त्याला आत ये म्हणालं नाही. पाणी विचारलं नाही.

वास गेला तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं.

"त्या वासानं वाचलात," भिमाजी म्हणाला. "गॅसला सोताचा वास नसतो. कंपनी मुद्दाम घालती. मानसाला कळावं म्हनून."

"आस्सं," कारभारी म्हणाला. "मंजे वास टाकीचा हुता व्हय." त्याने तंबाखूची पिंक टाकली, सड्याने सारवलेल्या जागेवरच टाकली, आणि मिशी पुसली. झालं. त्याच्या लेखी विषय संपला होता.

भिमाजीने विचारलं, "माझी पिशवी रस्त्यावर का टाकली?"

गहिनीनाथ काठीवरचं साल नखाने काढू लागला.

"गैरसमज झाला," पुंजाराम म्हणाला.

"कुनाचा?"

"कुनीतरी म्हनलं, पिशवीचा वास येतो."

हे कुणीतरी वडिलांच्या मागे उभं होतं. ती त्यांच्या आड आणखी सरकली. गालावर चार बोटं उमटली होती; भिमाजीने ती पाहिली आणि दुसरीकडे बघितलं.

"जाऊ दे रे," कारभारी म्हणाला. "मुहूर्त अजून टळला न्हाई. पुंजा, दिवा लाव अन् पेटव तू. ह्यानं दारातनं सांगावं."

भिमाजी पुंजारामकडे बघून बोलला. "मिस्त्री, तुमी म्हनला हुता भट्टीवर उभा राहा."

"आजचा दिवस रं. आज पूजा हाय."

"अन् उद्या?"

पुंजाराम खाली वाकून पूजेच्या सुपाऱ्या गोळा करू लागला.

"मंग मी खडीवर जातो," भिमाजी म्हणाला. "दुपारची हजेरी लागंल अजून." त्याने रस्त्यावरची पिशवी उचलली, राहिलेली कानस शोधली, फुंकून आत टाकली, आणि तो गेला.

तो वळणाआड गेला नसेल तोच कारभारी बोलला. "ह्याच्यावाचून आडतं का? पेटवायचं ठाव असनारं दुसरं कुनी हाय का?"

"चांगुनी," गहिनीनाथ म्हणाला. "आठ दिवस त्याच्याजवळच बसली हुती."

मोठ्या माणसांचे चेहरे पोरीकडे वळले, आणि सगळे एकदम मऊ झाले. कारभारीने बंडीतून खडीसाखर काढली. ज्या हाताने पिशवी फेकायला सांगितली, तोच हात. "ये बाळ. तू शानी हाईस. तुज्या बाला दाव, आधी काय फिरवायचं, मग काय करायचं. गावाला पानी मिळंल."

तुम्हाला किळस येत असेल तर येऊ द्या. मला आजही येते. एका कर्त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नव्हतं, म्हणून ही माणसं दहा वर्षांच्या पोरीच्या हातात आग द्यायला तयार झाली होती. आणि ही माणसं भाबडी नव्हती, ठरवून तयार झाली होती.

चांगुणाला सगळं येत होतं. आधी काडी, मग कॉक. नळी मुळाशी घट्ट करायची, सांध्यावर फेस घालून बघायचं. ती दाखवू शकली असती, आणि बुश उतरलंही असतं. पण मग भिमाजीला बोलावणं गेलं नसतं. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. समोरच्या मऊ चेहऱ्यांवरून तिने ते ओळखलं.

"चांगुने," पुंजाराम हळूच म्हणाला. "येतं ना तुला?"

"येतं," ती म्हणाली. "पर मी दावनार न्हाई. ज्याचा बर्नर हाय त्याला बोलवा."

"मार खाशील," राहीबाई म्हणाली.

"खाल्ला की मघाशी."

खडीसाखरेचा हात तसाच पुढे राहिला. चांगुणा त्याच्या बाजूने बाहेर पडली. हात धुवायला ती थांबली नाही. रस्त्याने, पायांत काही न घालता, दोन्ही हात शेणाने माखलेले, ती गावाबाहेरच्या खडीच्या कामापर्यंत चालत गेली. तिथे उन्हात बायामाणसांच्या रांगा बसल्या होत्या, गावातल्या सगळ्या वस्त्यांमधल्या, प्रत्येकापुढे दगडांचा ढीग. शंभर हातोड्या पडत होत्या. भिमाजी शेवटच्या रांगेत नुकताच बसला होता.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भिमाजीदादा, पिशवीचा वास येतो आसं मी म्हनले हुते," ती म्हणाली. "मी वास घेतला नव्हता. उगंच म्हनले."

आसपासच्या चारपाच हातोड्या थांबल्या. पलीकडच्या रांगेतल्या एका बाईने कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनती गं ओताऱ्याची पोर?"

चांगुणा त्या बाईकडे वळली आणि तेच सगळं पुन्हा, मघापेक्षा मोठ्याने, सांगू लागली.